रक्त पाहण्याचे वय

कोणताही चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर काही क्षण एक सरकारी प्रमाणपत्र दिसते. प्रेक्षक तोवर आपली खुर्ची शोधत असतात, मुले खाऊच्या पुड्या फोडीत असतात आणि त्या कागदावरील अक्षराकडे बहुधा कोणाचेच लक्ष जात नाही. वस्तुतः त्या एका अक्षरामागे एक फार जुना व अवघड प्रश्न उभा आहे. दुसऱ्या माणसाचे रक्त सांडलेले पाहण्यास मनुष्य कोणत्या वयात पात्र होतो?

अलीकडे आपल्या कुटुंबांतून हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो. मुले ज्यांना सुपरहिरो म्हणतात त्या अचाट सामर्थ्याच्या नायकांचे इंग्रजी चित्रपट हिंदीत होऊन नागपूरच्या चित्रगृहांत येतात आणि तेथून सौंसर-पांढुर्ण्याच्या घराघरांतील मोबाइलवर येतात. त्यांपैकी काही केवळ प्रौढांसाठी असतात. नायक तोच, पोशाख तोच, शाळेच्या दप्तरावर चित्रही त्याचेच. चित्रपट मात्र मुलांना वर्ज्य! "जो माझ्या दप्तरावर आहे त्यालाच पाहण्याची मला बंदी का?" असे मुलगा विचारतो. प्रश्न वरवर पोरकट दिसतो. पण त्याचे सरळ उत्तर देऊ पाहणारा बाप लवकरच अडखळतो, हेही तितकेच खरे.

कायद्याचे उत्तर प्रथम पाहू. आपल्याकडे चित्रपटांवरील देखरेखीचा पहिला कायदा १९१८ सालचा. त्या काळी चित्रपट एक तर सर्वांना दाखवावयाचा किंवा कोणालाच दाखवावयाचा नाही, आणि एखादा भाग खटकला तर तो कापून टाकावयाचा, एवढाच मार्ग होता. प्रौढांसाठी निराळे प्रमाणपत्र १९४९ च्या दुरुस्तीने आले व १९५२ च्या कायद्यात ते कायम झाले. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ए’ म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी. पुढे १९८३ साली या दोहोंच्या मध्ये ‘यूए’ हा तिसरा वर्ग आला. बारा वर्षांखालील मुलांनी हे चित्रपट आईबापांच्या मार्गदर्शनाखाली पाहावेत, असा त्याचा अर्थ होता. २०२३ च्या दुरुस्तीने या मधल्या वर्गाचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन पोटभेद केले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘ए’ ही आज्ञा आहे. चित्रगृहाच्या दारावरील माणसाने मुलाला परत पाठविलेच पाहिजे. परंतु सात, तेरा व सोळा या केवळ पालकांना दिलेल्या सूचना आहेत. सरकारने तेथे दार उघडे ठेवून दारापाशी आईबापांना उभे केले आहे. ते उभे राहतात की नाही, हा प्रश्न निराळा.

असे बंधन घालावेच कशाला, पुस्तकांवर तर ते नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या एका माहितीपटाच्या निमित्ताने हा दावा लढविला आणि १९७० साली सरन्यायाधीश मुहंमद हिदायतुल्ला यांनी त्याचा निर्णय दिला. (हे हिदायतुल्ला आपल्या भागाला परके नव्हेत, आपला प्रदेश जुन्या मध्य प्रदेशात असताना नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायमूर्ती होते.) चित्रपट हा इतर कोणत्याही कलेपेक्षा भावना अधिक खोलवर हलवितो आणि मुलांच्या व किशोरांच्या मनावर त्याचा परिणाम फार मोठा होतो, म्हणून त्याला निराळी वागणूक देणे गैर नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. मला स्वतःला हा युक्तिवाद पटतो. तो का पटतो, हे पुढे सांगेन. परंतु तो मान्य केल्यानेही मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

कारण वयाची मोजपट्टी कशास लावली जाते, ते पाहावे. २०१७ साली ‘लोगन’ नावाचा एक चित्रपट आला. पोलादी नखांचा, जखम झाली तरी क्षणात भरून निघणारा असा जो नायक मुलांनी आधीच्या अनेक चित्रपटांत पाहिला होता, तोच येथे वृद्ध झाला आहे. त्याच्या जखमा आता भरत नाहीत. त्याचा गुरू जराजर्जर होऊन स्मृती हरवून बसला आहे. एक शेतकरी कुटुंब या पाहुण्यांना एका रात्रीपुरता आसरा देते आणि त्या आतिथ्यापायी सारे कुटुंब मारले जाते. नायकाच्या पराक्रमाची रंगीत चित्रपुस्तके या कथेतच दाखविली आहेत व नायक ती तुच्छतेने बाजूला सारतो. प्रत्यक्षात असे घडत नाही, माणसे खरोखर मरतात, हे त्याचे म्हणणे. हा चित्रपट रक्ताने भरलेला आहे. आपल्या मंडळाने त्याला ‘ए’ दिले. इंग्लंडात तो पंधरा वर्षांवरील मुलांना खुला होता. अमेरिकेत त्याला जे प्रमाणपत्र मिळाले, त्यानुसार सतरा वर्षांखालचा मुलगा आईबाप बरोबर असतील तर आत जाऊ शकतो. तीन देश, तीन निर्णय; यावरूनच या आकड्यांत शास्त्र किती आणि अंदाज किती, हे कळून येते. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, या चित्रपटातील प्रमुख पात्रांपैकी एक अकरा वर्षांची मुलगी आहे आणि ते काम करणारी बालनटीही चित्रीकरणाच्या वेळी साधारण तेवढ्याच वयाची होती. जो चित्रपट तिने केला, तो आपल्या देशातील चित्रगृहात पाहण्यास ती अपात्र ठरली असती!

आता याच नायकांचे दुसऱ्या जातीचे चित्रपट घ्यावेत. तेथे शहरेच्या शहरे कोसळतात. उंच इमारती पत्त्यांच्या बंगल्यासारख्या खाली येतात, रस्ते दुभंगतात, आकाशातून सैन्ये उतरतात. त्या इमारतींत माणसे राहत असणारच. परंतु पडद्यावर रक्ताचा थेंब नाही, एकही प्रेत नाही, कोणाची आई रडत नाही. शेवटी नायक एखादा विनोद करतो व प्रेक्षागृह हसते. असे चित्रपट ‘यूए’ म्हणून मुलांना मोकळे असतात. म्हणजे एका माणसाचा मृत्यू त्याच्या वेदनेसह दाखविला तर तो अठराव्या वर्षापर्यंत निषिद्ध, आणि हजारोंचा मृत्यू वेदनेवाचून दाखविला तर तो मुलांची करमणूक! मोजपट्टीने रक्त मोजले; दुःख मोजण्याची सोय तिच्यात नाही. ‘लोगन’ दहा वर्षांच्या मुलाला दाखवावा, असे मी मुळीच सुचवीत नाही. चिरफाडीची ती दृश्ये लहान मुलाच्या झोपेत शिरतील, यात शंका नाही, आणि त्याची झोप राखणे हे कायद्याचे रास्त काम आहे. माझे म्हणणे एवढेच की, जे दृश्य झोप मोडते तेच तेवढे घातक आणि जे सुखाने झोपू देते ते निर्धोक, हा समज तपासून घेतला पाहिजे.

हे सारे परदेशाहून आलेले संकट आहे असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. शंभर वर्षांपूर्वी हाच प्रसंग मराठी चित्रपटावर येऊन गेला आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा, बाबुराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पुण्यात प्रदर्शित झाला. चित्रपट मूक होता आणि विषय महाभारतातील कीचकवधाचा. भीमाइतका जुना सुपरहिरो दुसरा कोणता दाखविता येईल? दहा हजार हत्तींचे बळ असलेला हा वीर अज्ञातवासात स्वयंपाक्याच्या वेषात दडलेला आहे आणि पत्नीच्या अपमानाचा सूड रात्रीच्या अंधारात घेतो. आजचे कथालेखक जे वेषांतर नायकांना देतात ते व्यासांनी भीमाला केव्हाच दिले होते. बाबुराव हे हाडाचे चित्रकार. त्यांनी भीमाच्या हातून होणारा कीचकाचा वध इतका हुबेहूब उभा केला की प्रेक्षकांचा थरकाप उडाला आणि त्या दृश्याला कात्री लावावी लागली. लोकमान्यांनी बाबुरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले. त्यांच्या चित्रपटातील तो प्रसंग मात्र सरकारी परीक्षेत टिकला नाही. (खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१० साली आलेली बंदी ही निराळी. तेथे सरकारला भीमाची भीती नव्हती. कीचकाच्या ठिकाणी प्रेक्षक कर्झनसाहेबांना पाहत होते, त्याची होती. रक्षणाच्या नावाखाली कात्री कोणाकोणाच्या सोयीने चालते, हे सांगण्यास ते उदाहरण पुरेसे आहे.)

‘सैरंध्री’च्या प्रसंगी खरा विचार करण्याजोगा मुद्दा असा की, कीचकवध पाहून हादरलेल्या त्या प्रेक्षकांना तो वध नवा नव्हता. लहानपणापासून त्यांनी तो पोथीत व कीर्तनात ऐकला होता. हातपाय व डोके धडात दाबून भीमाने कीचकाचा मांसाचा गोळा केला, हे महाभारतातले वर्णन बाबुरावांच्या कोणत्याही चित्रापेक्षा सौम्य नाही. आजीच्या मांडीवर बसून पाच वर्षांच्या मुलाने ते ऐकले आणि त्याची झोप मोडली नाही. मग तेच चित्रात पाहून मोठ्या माणसांची का मोडावी?

ऐकणारा मनुष्य आपले चित्र आपणच काढतो. पाच वर्षांचे मूल पाच वर्षांच्या शक्तीचे चित्र काढते. त्याचा कीचक मातीच्या बाहुल्यासारखा असतो; तो मोडतो, पण त्यातून रक्त वाहत नाही, कारण त्या मुलाने तेवढे रक्त कधी पाहिलेलेच नसते. ते मूल वाढते तशी कथाही त्याच्याबरोबर वाढते. श्रवणात वयाचे प्रमाणपत्र ऐकणाऱ्याच्या मनातच असते व ते दरवर्षी आपोआप नवे होते. चित्रपट ही मुभा देत नाही. दिग्दर्शक प्रौढ, त्याची कल्पना प्रौढ, आणि ती सगळीच्या सगळी त्या पाच वर्षांच्या डोळ्यांत एकदम ओतली जाते. हिदायतुल्ला यांचा युक्तिवाद मला पटतो, तो यामुळे. जेथे प्रेक्षकाचे मन स्वतः दार लावू शकत नाही, तेथे दारावर कोणी तरी उभे असणे आवश्यक आहे.

आपल्या प्राचीन नाट्यशास्त्राने हे ओळखले होते. युद्ध, राज्यनाश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, दोन अंकांच्या मधल्या प्रवेशकातून त्या सूचित कराव्यात, असे भरताने सांगितले आहे. त्याने प्रेक्षकांची वये लावली नाहीत. त्याने दृश्यावरच मर्यादा घातली. याला कोणी भाबडेपणा म्हणेल. परंतु रौद्र, भयानक व बीभत्स हे तिन्ही रस त्याच भरताने मानले आहेत. क्रौर्य नाटकात नसावे असे तो म्हणत नाही. ते कोठे ठेवावे, एवढेच सांगतो.

आणि हा नियम मोडून अधिक काही कसे साधता येते, तेही संस्कृत नाटकातच पाहावे. भासाच्या नावावर असलेल्या तेरा नाटकांत ‘ऊरुभंग’ हे एक लहानसे एकांकी नाटक आहे. ही नाटके शतकानुशतके विस्मरणात गेली होती. त्रिवेंद्रमच्या गणपतिशास्त्र्यांनी ती शोधून १९१२ पासून प्रसिद्ध केली. भीम व दुर्योधन यांचे गदायुद्ध या नाटकात रंगभूमीवर होतच नाही. तीन सैनिक ते पाहतात आणि आपणांस सांगतात. येथवर भरताचा नियम पाळला गेला. पुढे मात्र मांड्या मोडलेला दुर्योधन स्वतःला फरफटवीत आपल्यासमोर येतो. आंधळा धृतराष्ट्र, डोळ्यांवर पट्टी बांधलेली गांधारी आणि राण्या त्याला शोधीत येतात. त्यांच्या पुढे त्याचा लहान मुलगा दुर्जय. मुलगा दमला आहे. तो नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो. आणि बाप त्याला बसू देऊ शकत नाही.

या एका क्षणात गदेचा घाव आपणांस लागतो. तो घाव आपण पाहिलेला नाही, त्याचे रक्त पाहिलेले नाही. पण मुलाला मांडीवर घेता न येणारा बाप आपण पाहिला. पांडवांची माझ्यासारखीच सेवा कर, कुंतीची आज्ञा पाळ, असे दुर्योधन त्या मुलाला सांगतो. ज्याला आपण आयुष्यभर खलनायक म्हणून ओळखले, त्याच्यासाठी आपला कंठ दाटून येतो. आणि मग दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो! शास्त्र मोडून नाटककाराने मरण दाखविले. परंतु मारण्याची क्रिया त्याने पडद्याआड ठेवली आणि मारल्यानंतर काय उरते ते पुढे आणले. मुलांसाठी चित्रपट निवडताना मी हीच कसोटी लावतो. आजचे बहुसंख्य चित्रपट नेमके याच्या उलट करतात. घाव पुढे, दुर्जय पडद्याआड.

येथवर चित्रपटांविषयी बोलणे सोपे होते, कारण ते बाहेरून येतात. आता आपल्या जाम नदीच्या काठी येऊ.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लावला जातो, आणि दोन्ही तीरांवरून दिवसभर एकमेकांवर दगड चालतात. गोटमार आपणांस समजावून सांगण्याचे कारण नाही. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात. कित्येक घरांनी या दिवशी माणसे गमावली आहेत. रुग्णवाहिका, डॉक्टरांची पथके, पोलीस, बंदीहुकूम हे सारे असते आणि दगडही असतात. सायंकाळी झेंडा चंडीमातेच्या चरणी अर्पण होतो.

त्या काठांवर, घरांच्या गच्च्यांवर, बापांच्या खांद्यांवर किती मुले असतात! येथे तेरा नाही, सोळा नाही, अठरा नाही. पडद्यावरील रक्त लाल रंगाचे पाणी असते. त्यासाठी दिल्लीत कायदा होतो, मुंबईत समिती बसते, दारावर पहारा राहतो. नदीतील रक्त खरे असते आणि त्याला कोणी वय विचारीत नाही. ‘लोगन’ला ‘ए’ मिळाले म्हणून समाधान मानणारा तोच बाप त्या दिवशी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला, नीट दिसावे म्हणून, उंच धरतो.

ही आपली परंपरा आहे, चित्रपटाशी तिची तुलना कशी, असे म्हटले जाईल. परंपरेविषयी माझ्या मनात अनादर नाही, आणि चंडीच्या भक्तीविषयी तर नाहीच. म्हणूनच त्या परंपरेची कथा शेवटपर्यंत आठवावी, असे मला वाटते. गोटमारीच्या मुळाविषयी एकाहून अधिक आख्यायिका आहेत. भोसल्यांच्या सैन्याच्या सरावाचीही एक सांगतात. परंतु लोकांच्या तोंडी जी अधिक आहे ती अशी : पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन पहाटे नदी ओलांडीत होता. एका काठावरून दगड आले, मग दुसऱ्या काठावरूनही आले, आणि पात्राच्या मध्यभागी ती दोघेही मेली. कथा येथे संपत नाही. दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला. त्यांनी दोन्ही प्रेते उचलून चंडीच्या देवळात नेली, पूजा केली, आणि मग अंत्यसंस्कार केला.

म्हणजे या कथेलाही तिचा दुर्जय आहे. वैरी गावांची माणसे मिळून दोन प्रेते उचलीत आहेत, हे तिचे खरे शेवटचे दृश्य. आपण दरवर्षी जे पुन्हा करून दाखवितो ते त्याच्या आधीचे दृश्य होय. दगड राहिले आणि पश्चात्ताप गळून गेला. झेंडा देवळात जातो, त्यात त्या शेवटाची खूण तेवढी उरली आहे. पण गच्चीवरील मुलाला ती कोणी उलगडून सांगत नाही. त्याला आरोळ्या ऐकू येतात. दगड लागला की टाळ्या पडतात, हे त्याला दिसते. इमारत कोसळल्यावर नायकाने केलेल्या विनोदाला प्रेक्षागृहात जे हसू येते, ते आणि या टाळ्या यांत अंतर आहे का? असलेच तर ते नदीच्या बाजूने नाही, कारण येथे खाली पडलेला माणूस उठून पुढच्या चित्रपटात काम करीत नाही.

प्रशासनाने एके काळी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. ते कोणी मनावर घेतले नाही. यावर लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. चेंडूने खेळ झाला असता, जिंकणे-हरणे झाले असते, झेंडाही देवीला वाहता आला असता. एक गोष्ट मात्र झाली नसती, ती म्हणजे जखम. चेंडू नाकारला गेला तेव्हा जखम हाच या दिवसाचा गाभा आहे, असे आपण न बोलता कबूल केले. याच दिवशी नागपुरात काय होते? लहान मुले सजविलेले लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करतात, आणि रस्त्यांवरून काळी व पिवळी मारबत निघते. रोगराई, पीडा, वर्षभराचा राग, सारे त्या पुतळ्यांवर लादून लोक त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतात. तेथेही आरडाओरड असते, शिव्याशाप असतात, आवेश असतो. जळतो तो मात्र पुतळा. एकच तिथी, एकाच भोसलेकालीन मुलखातील माणसे. मनातील हिंसेला बाहेर काढण्याची गरज दोघांनाही वाटली. एका ठिकाणी तिला कागदाबांबूचे अंग मिळाले व दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्याचे.

याच जाम नदीच्या काठाने सौंसरच्या बाजूस गेले म्हणजे जामसावळीचे हनुमंताचे स्थान लागते. तेथील मारुती पिंपळाखाली निजलेला आहे. देशभर आपण मारुती पाहतो तो उभा, गदा उगारलेला, पर्वत उचललेला. येथे सारे बळ आडवे होऊन स्वस्थ पडले आहे. आपली मुले हनुमंताला सर्वांत मोठा सुपरहिरो म्हणतात. त्यांच्यासाठी त्याची कार्टूने निघाली आहेत आणि ‘हनु-मान’ नावाचा एक तेलुगू चित्रपट २०२४ साली हिंदीतही गाजला. मुलांचे म्हणणे मी अमान्य करीत नाही. परंतु या नायकाच्या चरित्रातील एक प्रसंग त्या पडद्यांवर सहसा दिसत नाही, तो सांगितला पाहिजे.

लंकादहन आपणां सर्वांस ठाऊक आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ साली त्यावर चित्रपट काढला तेव्हा पेटलेली लंका पाहण्यास लोकांची झुंबड उडाली होती. बहुतेक सांगणारे येथे आनंदाने थांबतात. वाल्मीकी थांबत नाहीत. सुंदरकांडाच्या ५५ व्या सर्गात, नगर पेटवून झाल्यावर, हनुमान मागे वळून पाहतो आणि त्याचा जीव हादरतो. ही सगळी नगरी जळाली. मग याच नगरीत जिला शोधण्यासाठी मी आलो ती सीताही जळाली असेल! तो स्वतःची निंदा करतो, आपल्या क्रोधाची निंदा करतो. रागाच्या भरात मनुष्य काय करणार नाही, असे म्हणतो. आता मी रामाला व सुग्रीवाला कोणते तोंड दाखवू, त्यापेक्षा मेलेले बरे, इथपर्यंत त्याचे मन जाते. मग शुभ शकुन आठवून तो सावरतो, सीता सुरक्षित असल्याचे चारणांच्या तोंडून त्याच्या कानी पडते, आणि तिला प्रत्यक्ष पाहण्यासाठी तो पुन्हा अशोकवनात जातो. सर्व नायकांत बलिष्ठ असा हा नायक, जिंकल्यानंतरच्या क्षणी, आपण पेटविलेल्या आगीत कोण सापडले असेल याचा विचार करीत उभा आहे. कोसळलेल्या शहराकडे पाहून विनोद करणाऱ्या नायकांच्या चित्रपटाला मंडळ कोणते अक्षर देते, हे मंडळाने पाहावे. त्यांच्याजवळ हा क्षण नाही, हे मुलाला दाखवून देण्याचे काम आपले आहे.

ते काम घरी होऊ शकते व त्यास फार वेळ लागत नाही. २०२१ च्या नियमांनी मोबाइलवरील चित्रपटांनाही तेच वर्ग लागू केले आणि कुलपाची सोयही करावयास लावली; परंतु त्या कुलपाचा क्रमांक बहुतेक घरांत मुलालाच अधिक चांगला ठाऊक असतो. तेव्हा शेजारी बसण्याला पर्याय नाही. चित्रपट संपल्यावर उपदेश करू नये. मुले तो ऐकत नाहीत, आणि खरे तर आपणही कधी ऐकला नव्हता. एखादा प्रश्न मात्र विचारावा. ती इमारत पडली तेव्हा आत कोण होते? त्या शिपायाच्या घरी कोणी वाट पाहत असेल का? सात-आठ वर्षांचे मूलदेखील यावर थांबते आणि बराच वेळ बोलते. नदीवरून परत येतानाही हेच विचारता येईल : ज्याला दगड लागला, त्याला कोणी उचलले? आज त्याच्या घरी जेवण झाले असेल का?

आपल्या देवळांत शनिवारी जे सुंदरकांड म्हटले जाते ते तुलसीदासांचे, आणि तुलसीदासांनी हा पश्चात्तापाचा प्रसंग घेतलेला नाही. लंका जाळून हनुमान समुद्रात शेपटी विझवितो व सीतेकडे निरोप घेण्यास जातो. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ भाविकांच्या कानांवर तो प्रसंग कधी आलेलाच नसतो. पोळ्याआधीच्या एखाद्या शनिवारी, पाठ संपल्यावर, मुलांना पुढे बसवून वाल्मीकींचा तो एक सर्ग मराठीत सांगितला जावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे ठेवावी असे मनात आहे. सांगण्यास अर्धा तास पुरे होईल. वयाची अट कोणतीही नको.